केळीच्या बागेचे तैलचित्र साधत नाही : सगळा हिरवा एकच होऊन बसतो

सुकीकाठची

नमस्कार मंडळी. माहेरच्या केळीच्या बागेचे एक तैलचित्र मी दिवाळीपासून रंगवत आहे आणि ते काही केल्या हाताला लागत नाही, म्हणून येथील जाणकारांपुढे सविस्तर मांडते. शेत रावेर तालुक्यात आहे. बांधावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला केळीची रांग दूरवर जाते, उजव्या हाताला काळी जमीन पसरते आणि समोर सातपुड्याची कड लागते. एवढेच मला हवे आहे. माणूस, गाडीबैल, घर यांपैकी चित्रात काहीही नाही. बाग वडिलांनी उभी केली. आईला आता गुडघ्यांमुळे शेतापर्यंत जाववत नाही. तिला ती बाग बैठकीत बसून दिसावी, एवढी या चित्रामागची इच्छा आहे, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाईन तेव्हा ते सोबत न्यायचे आहे.

कॅनव्हास २४ बाय ३६ इंचांचा, तयार घेतलेला आणि आडवा आहे. रंग विद्यार्थी प्रतीचे आहेत : सॅप ग्रीन, व्हिरिडियन ह्यू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट. माध्यम म्हणून जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे वापरते.

अडचण अशी की पाने जवळची असोत की लांबची, सगळी एकाच हिरव्याची दिसतात आणि ती रांग ऑइलपेंट मारलेल्या लोखंडी फाटकासारखी भासते. सातपुडा मागे सरत नाही, पानांच्या अंगावर येतो. काळ्या जमिनीचा काही भाग चकाकतो, तर काही भाग राखाडी आणि निर्जीव दिसतो, आणि पुन्हा रंगवला तरी वाळल्यावर तसाच होतो. जेथे दुरुस्ती करायला जावे तेथे रंग गढूळ होतो, हे तर सगळ्यात जिव्हारी लागते. हा कॅनव्हास बाजूला ठेवून नवा घ्यावा, की यातूनच वाट निघेल? छायाचित्र जोडले आहे.

पांझराकाठ

ताई, छायाचित्र मोठे करून पाहिले. रेखांकन चांगले आहे. पानाची मधली शीर आणि टोकाकडे येणारा तिचा बाक तुम्ही नेमका पकडला आहे, तेव्हा चित्र टाकून देण्याजोगे मुळीच नाही. मी धुळ्याला बरीच वर्षे चित्रकला शिकवली. 'सर, हिरवा जमत नाही' म्हणून मुले चित्र घेऊन येत, तेव्हा बहुतेक वेळा गाडे उजेडापाशी अडलेले असे. तुमच्या चित्रातही मला तेच दिसते.

पहिल्यांदा मोबाइलवर हे छायाचित्र कृष्णधवल करून पाहा. मी ते केले, तेव्हा पाने, डोंगर आणि डोंगरावरचा आकाशाचा पट्टा यांचा करडा जवळजवळ एकच निघाला. प्रत्यक्ष शेतात डोळे बारीक करून पाहिले तर आकाश सर्वांत उजळ, त्याखालोखाल धुळीतून दिसणारा डोंगर, मग पाने, आणि पानांच्या आतली सावली व ओली जमीन सर्वांत गडद, असा क्रम दिसेल. रंग कितीही अचूक मिसळला तरी गडद-उजळाचा हा क्रम बसला नसेल तर डोंगर मागे जाणार नाही. सातपुड्यातली सर्वांत गडद जागासुद्धा जवळच्या पानांच्या सावलीपेक्षा बरीच उजळ असायला हवी.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. डावीकडच्या पानांना तुम्ही पिवळसर, आतून उजळलेला हिरवा दिला आहे. पान जेव्हा आपण आणि सूर्य यांच्या मध्ये येते तेव्हाच ते असे दिसते, म्हणजे सूर्य पश्चिमेला आहे आणि वेळ संध्याकाळची आहे. खोडांच्या सावल्या मात्र डावीकडे, बागेच्या आत पडल्या आहेत. त्या सकाळच्या आहेत. डोंगरावरच्या घळी सपाट, बिनसावलीच्या आहेत, म्हणजे तेथे भर दुपार आहे. एका चित्रात तीन वेळा आल्या की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटे वाटते. आपण कोणत्या वेळी रंगवायला बसता, आणि कशावरून?

सुकीकाठची

सर, आपण म्हणता तसेच घडले असणार. शेतावर जाणे होते ते सुट्टीच्या दिवशी सकाळी, मोबाइलमधली छायाचित्रे आहेत ती संध्याकाळची, आणि घरी रंगवायला बसते ती रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात. कृष्णधवल करून पाहिले तर डोंगर आणि पाने यांच्यात सीमारेषाच उरत नाही. यापुढे संध्याकाळ धरते, साडेपाचच्या सुमाराची, कारण ती पिवळी पाने मला सोडवत नाहीत.

बागायतदार रावेर

मी चित्र काढत नाही; केळीत जन्म गेला म्हणून लिहितो. ताईंनी सगळ्या पानांना एकच हिरवा दिला आहे, पण एकाच झाडावरची दोन पाने सारखी नसतात. मधला पोंगा सरळ उभा, अजून उलगडायचा असतो, आणि तो पोपटी असतो. त्याच्या खालची तीन-चार पाने भर तारुण्यातली, गडद आणि गुळगुळीत. त्याखालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडू लागलेल्या, आणि अगदी खालची पाने वाळून खोडाला लोंबकळतात, ती तपकिरी. पानाची वरची बाजू चकचकीत असते, त्यामुळे ती आकाशाचा रंग घेते. तिरप्या नजरेने पाहिले तर ते पान हिरवे न दिसता फिकट निळसर-पांढरे दिसते. पाठीवर मेणासारखा पांढरट थर असतो, म्हणून पाठ चकाकत नाही. ताईंनी खोडही हिरवे केले आहे. आमच्याकडच्या खोडावर काळपट-तपकिरी डाग असतात आणि खालच्या भागात वाळलेली आवरणे असतात.

आणखी एक. बांधाकडच्या पहिल्या रांगेला वारा लागतो, म्हणून तिची पाने शिरेपर्यंत फाटून चिंध्या झालेली असतात. आतल्या रांगांची पाने अखंड राहतात. वारा अडवायला बांधावर शेवरी लावलेली असेल तर गोष्ट वेगळी. ताईंच्या चित्रात बाहेरची पाने अखंड आणि कडा कापून काढल्यासारख्या आहेत.

जमिनीबद्दलही सांगतो. ठिबक असेल तर रांगेच्या बुडाशी फक्त एक पट्टा ओला असतो आणि बाकीची जमीन वाळून राखी दिसते. सगळी जमीन ओली काळी दिसायची असेल तर तेथे पाट सोडलेला हवा. ताईंच्या शेतात काय आहे ते त्यांनी पाहून घ्यावे.

पांझराकाठ

बागायतदार भाऊंनी जे लिहिले ते चित्रकाराने वहीत उतरवून ठेवावे असे आहे. त्यांच्याच नोंदीवरून मी मिश्रणे सुचवतो.

ताईंच्या संध्याकाळी सूर्य डावीकडे पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे आणि खाली असेल. मग जवळची, अगदी डावीकडची पाने उजेड आरपार घेतील. रांग जसजशी उत्तरेला सरकेल तसतसा हा गुण कमी होत जाईल, कारण ती पाने आता सूर्याच्या आड येत नाहीत. म्हणजे रांगेत अंतर दाखवायला पाने नुसती लहान करून भागणार नाही. जवळ पिवळा, मध्ये गडद हिरवा आणि लांब धुळीत मिसळलेला करडा-हिरवा, असा बदल उजेडच तुम्हाला देतो. खोडांच्या सावल्या उजवीकडे, जमिनीवर लांब पडतील. त्या सावल्याच तुमच्या रिकाम्या वाटणाऱ्या उजव्या बाजूला आकार देतील.

आता तुमच्या ट्यूबा. 'व्हिरिडियन ह्यू' असे लिहिलेले असते तेव्हा आत बहुधा थॅलो ग्रीन असतो. ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो : पी.जी. १८ असेल तर तो खरा व्हिरिडियन, पी.जी. ७ असेल तर थॅलो. थॅलो फार जोरकस आहे. ब्रशच्या टोकावर राहिलेला त्याचा अंशही पुढच्या मिश्रणात शिरतो, आणि मला वाटते तुमच्या सगळ्या पानांत आणि डोंगरातसुद्धा तोच पसरला आहे. काही काळ ती ट्यूब बंदच ठेवा. लेमन यलोमध्ये थोडासा आयव्हरी ब्लॅक घातला तर ऑलिव्हकडे झुकणारा शांत हिरवा मिळतो. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकरमधून मातकट हिरवा मिळतो, तो लांबच्या रांगेला चालेल. आकाश घेणाऱ्या पानांसाठी पांढऱ्यात किंचित अल्ट्रामरीन आणि ऑकरचा स्पर्श पुरे. त्यात हिरवा घालूच नका. डोंगराला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा.

उजेड आरपार घेणाऱ्या पानात मात्र पांढरा मिसळला की तो खडूसारखा होतो. त्यासाठी आधी ती पाने पांढरा आणि लेमन यलो यांनी फार उजळ, कोरडी आणि पातळ रंगवा, पूर्ण वाळू द्या, आणि मग त्यावर सॅप ग्रीनचा तेलातला पारदर्शक हात, म्हणजे ग्लेझ, द्या. उजेड वरच्या थरातून आत जातो, खालच्या उजळ थरावरून परत येतो आणि पान आतून उजळते. प्रत्यक्ष पानातही उजेड आरपारच येत असतो, म्हणून या जागी ग्लेझइतके दुसरे काही शोभत नाही.

भुसावळकर

पांझराकाठ सरांनी उजेडाचे सांगितले आहे. मी जमिनीवरच्या निर्जीव डागांविषयी लिहितो, कारण त्याचे कारण वेगळे आहे. तयार कॅनव्हासवर ॲक्रिलिक जेसोचा, म्हणजे पांढऱ्या अस्तराचा, हात असतो, आणि स्वस्त कॅनव्हासवर तो पातळ व फार शोषक असतो. तो रंगातले तेल ओढून घेतो, रंगद्रव्य वर कोरडे उरते आणि जागा राखाडी दिसते. अंबर आणि काळा या रंगांत हे अधिक डोळ्यांत भरते. टर्पेंटाइन निम्मे असल्यामुळे रंगात तेल मुळातच कमी पडले असणार.

बागायतदार भाऊंनी ओल्या आणि वाळल्या जमिनीचा जो फरक सांगितला, त्याचेही कारण हेच आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरले की उजेड कमी विखुरतो आणि माती काळी दिसते. पाणी उडाले की तीच माती फिकट होते. रंगद्रव्याच्या कणांभोवती तेल असते तोवर रंग खोल दिसतो. अजिंठ्याच्या भिंतींवर रंग कोरड्या गिलाव्यावर, डिंक-सरसासारख्या बंधकात बसवलेला आहे, म्हणून तो चकाकत नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून त्या चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती तैलरंगात केल्या, तेव्हा ही अडचण त्यांच्यापुढे पदोपदी उभी राहिली असणार, कारण तेलात कालवलेला तोच रंग भिंतीवरच्यापेक्षा गडद आणि झळाळता दिसतो. त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. गिल यांचे निधन १८७९ मध्ये झाले आणि ते आमच्या भुसावळलाच पुरलेले आहेत. गावातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

ताईंनी त्या डागांवर पुन्हा रंग चढवत बसू नये. रंग हाताला वाळला आहे याची खात्री करून जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळावे, सुती फडक्याने तो भाग अगदी पातळ चोळावा आणि लगेच स्वच्छ फडक्याने जादा तेल पुसून घ्यावे. रंग तत्काळ परत येतो आणि त्यावर पुढचा रंगही जुळवता येतो. तेल साचू देऊ नये, नाहीतर तेथे पिवळे पडते. टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानातले, घराच्या रंगकामाचे वापरत असाल तर ते बंद करून कलासाहित्याच्या दुकानातले घ्या. हलक्या प्रतीचे टर्पेंटाइन उडून गेल्यावर मागे चिकटपणा ठेवते. रॉकेल तर कधीच वापरू नये.

तोरणमाळ

नमस्कार. मी नंदुरबारचा विद्यार्थी आहे. तैलरंग वाळायला इतका वेळ घेतो, तर ताईंनी दुरुस्त्या ॲक्रिलिकने करून घेतल्या तर आखाजीच्या आत काम होणार नाही का? आणि आमच्याकडे घाण्यावर जवसाचे तेल काढून मिळते. दुकानातली छोटी बाटली महाग पडते, म्हणून ते वापरले तर चालेल का?

भुसावळकर

तैलरंगावर ॲक्रिलिक देऊ नये. ॲक्रिलिक पाण्यातले असते, ते तेलकट पृष्ठभागाला धरत नाही आणि पुढे सालीसारखे सुटते. उलट क्रमाने चालते : खाली ॲक्रिलिक आणि वर तैलरंग. तुम्ही नवे चित्र सुरू कराल तेव्हा पहिला पातळ हात ॲक्रिलिकचा देऊन वेळ वाचवता येईल. ताईंच्या चित्राला आता तो मार्ग नाही.

घाण्याचे तेल चटणीला उत्तम, चित्राला नको. जवस तेच असले तरी न शुद्ध केलेल्या तेलात चिकट गाळ असतो. असे तेल उशिरा वाळते आणि अधिक पिवळे पडते. चित्रासाठीचे तेल हा गाळ काढून शुद्ध केलेले असते. करडईचे तेलही चित्रकार वापरतात, ते जवसापेक्षा कमी पिवळे पडते पण सावकाश वाळते, आणि तेसुद्धा चित्रकामासाठी शुद्ध केलेलेच हवे. शेंगदाण्याचे तेल तर वाळतच नाही.

वाळणे हा शब्द आपण वापरतो, पण तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे ठेवतात. वरचा थर आधी कडक झाला आणि खालचा अजून हलत असला की भेगा पडतात. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक उशिरा. ताईंच्या जमिनीत काळ्याचा जाड थर खाली असून वर अंबर येणार असेल तर तेथे सांभाळावे.

आणखी एक सूचना मी कळकळीने करतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. प्राणवायू घेताना तेल तापते, आणि ढिगात ती उष्णता कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हा धोका वाढतो. फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

तितूरकाठ

मी चाळीसगावची. ताई, तुम्हाला एक वेगळा मार्ग सुचवते. शेत दूर आहे, जाणे सुट्टीलाच होते, आणि संध्याकाळचा तो उजेड पाऊण तासात निघून जातो. मग उजेड घरी आणा. आमच्या गावात कैखुश्रू मूस होऊन गेले (१९१२–१९८९). लोक त्यांना के. की. मूस म्हणून ओळखतात. ते चित्रकार होते आणि टेबलावर छोटी दृश्ये मांडून त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी त्यांची विशेष ख्याती होती. हाताशी असलेल्या साध्या वस्तू मांडायच्या, दिवा नेमका ठेवायचा, आणि पाहणाऱ्याला मोकळ्या मैदानातले दृश्य वाटावे असे छायाचित्र घ्यायचे, ही त्यांची हातोटी होती. त्यांच्या घरी आता कलादालन आहे. खान्देशात राहून चित्र काढणाऱ्याने ते एकदा सावकाश पाहावे असे मला मनापासून वाटते.

तुम्ही केळीचे ताजे पान आणा, त्याचा हातभर तुकडा शिरेसकट कापा, काठीला बांधून टेबलावर उभा करा आणि त्याच्या मागे पिवळसर दिवा लावा. मग दिवा मागून बाजूला, बाजूवरून पुढे आणत जा. मी हे काल रात्री स्वतः करून पाहिले. दिवा मागे असताना शिरेला लागून निघणाऱ्या बारीक समांतर रेषा स्पष्ट दिसतात आणि पान लिंबाच्या रंगाचे होते; शीर मात्र अपारदर्शक, जवळजवळ काळपट राहते. दिवा बाजूला आला की रेषा पुसल्या जातात, रंग गडद होतो आणि पानाच्या पन्हळीवर एक पांढरी चकाकी धावते, जिच्यात हिरव्याचा लवलेश नसतो. दिवा पुढे आला की शीर उजळ आणि पान गडद. तुमच्या चित्रात डावीकडच्या पानांच्या शिरा तुम्ही पानापेक्षा उजळ काढल्या आहेत. संध्याकाळ धरली असेल तर त्या पानापेक्षा गडद हव्यात.

नव्या कॅनव्हासचे म्हणाल तर माझे मत नवा घ्यावा असे आहे. जुन्या थराचे उंचवटे वरच्या रंगातून दिसत राहतात, आणि तैलरंग कालांतराने अधिक पारदर्शक होत जातो, त्यामुळे झाकलेल्या सकाळच्या सावल्या पुढे कधीतरी वर येतील. आईसाठी करायचे चित्र निर्मळ पायावर असावे.

पांझराकाठ

तितूरकाठ ताई, शिरेचे निरीक्षण माझ्या नजरेतून सुटले होते; ते फार मोलाचे आहे. कॅनव्हासबाबत मात्र मी सहमत नाही. नवा कॅनव्हास घेतला तर ताई पुन्हा पहिल्या हातापासून सुरू करतील, वाळण्यात दिवस जातील, आणि आखाजी जवळ आली की घाई होईल. शिवाय या चित्रात आकाश आणि पानांचे आकार चांगले उतरले आहेत. ज्या जागा चुकल्या आहेत त्या सबंध खाली घ्याव्यात, म्हणजे पुढे झाकलेले वर येण्याचा प्रश्नच राहणार नाही.

रंग अजून मऊ असेल तेथे पॅलेट नाइफ आडवा धरून खरवडा आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने कॅनव्हासचे विणकाम दिसेपर्यंत पुसा. जेथे वाळला असेल तेथे बारीक पॉलिशपेपर पाणी लावून, हलक्या गोल हाताने फिरवा आणि उंचवटे सपाट करा. कोरडा घासू नका, ती धूळ छातीत जायला नको. कॅनव्हासच्या मागे पुठ्ठा धरा, नाहीतर आतल्या लाकडी चौकटीची धार वर उमटते. सकाळच्या सावल्या, उजवी जमीन आणि सबंध डोंगर काढावा असे मी सुचवतो. पाने तशीच ठेवून त्यांवर काम करता येईल.

त्यानंतर लगेच रंगांकडे वळू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त काळा, पांढरा आणि मधले दोन करडे घेऊन हेच दृश्य मांडा. ते छोटे चित्र हात लांब करून पाहिले तरी संध्याकाळ वाटली पाहिजे. वाटली, की ते ईझलला टाचा आणि मगच ब्रश उचला. रात्री ट्यूबलाइटखाली हिरवे मिसळणे टाळा. रात्री जमिनीचे किंवा खरवडण्याचे काम करावे, हिरवे दिवसाच्या उजेडात.

तितूरकाठ

सर, सबंध डोंगर आणि जमीन मुळापासून काढणार असतील तर माझा आक्षेप उरत नाही. नुसते वरून झाकण्याला माझा विरोध होता.

सुकीकाठची

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मधल्या काळात जे केले ते कळवते. डोंगर आणि जमीन खरवडून घेतली. जमिनीतला काळा रंग वरून वाळलेला असूनही आत मऊ निघाला, तेव्हा भुसावळकर दादांनी भेगांबद्दल का सावध केले ते समजले. ट्यूबच्या मागे पाहिले. व्हिरिडियन ह्यूवर पी.जी. ७ असेच आहे.

शेतावर संध्याकाळी जाऊन आले. बागायतदार भाऊंचे म्हणणे शब्दशः खरे आहे : ठिबकच्या नळीखालचा पट्टा तेवढा काळा, बाकी जमीन राखी, आणि उतरत्या उन्हात ती राखी जमीन चक्क गुलाबी झाक घेते. मी इतकी वर्षे ती सगळी काळीच समजत होते. आता उजवीकडे राखी-गुलाबी जमीन, तिच्यावर खोडांच्या लांब निळसर सावल्या आणि रांगेच्या बुडाशी एक काळा पट्टा, असे मांडले आहे. कृष्णधवल करून पाहिले तर डोंगर मागे गेला आहे. पहिल्या रांगेच्या दोन झाडांची पाने फाटकी केली, आणि त्या फटींतून मागचा उजेड येऊ दिला, तेव्हा ती रांग पहिल्यांदा हलल्यासारखी वाटली. लिंबाच्या रंगाचे खालचे हात देऊन झाले आहेत. ते वाळले की ग्लेझ देईन. शिरा गडद केल्या.

एक जागा अजून साधलेली नाही. रांगेच्या मध्यभागी, जेथे पाने ना उजेड आरपार घेतात ना धुळीत मिसळतात, तेथे गडद हिरवा पुन्हा एकसुरी होतो. तेथे काय करावे? आणि आखाजीपूर्वी व्हार्निश देता येईल का?

बागायतदार रावेर

मधल्या झाडांत वाळलेली पाने आणि एखादा घड दाखवा. घडाच्या टोकाला केळफूल असते, ते जांभळट-तांबडे असते. सबंध रांगेत तेवढाच एक तांबडा रंग असतो आणि तो शेतात लांबून दिसतो. घडांवर पिशव्या चढवल्या असतील तर त्या पांढरट दिसतील.

पांझराकाठ

भाऊंनी अचूक सांगितले. केळफूल एकच असावे, दोन नकोत, आणि ते डोंगराच्या कडेच्या अगदी खाली येणार नाही असे पाहा. तेथील हिरव्यात बर्न्ट सिएना थोडा-थोडा मिसळून तीन-चार ठिकाणी हिरवा मोडा. वाळलेल्या पानांचा तपकिरी शेजारी आला की उरलेला हिरवा आपोआप थंड दिसू लागतो. त्या भागात कडा पुसट ठेवा. सगळ्या पानांना रेखीव कड दिली की नजर कोठेच थांबत नाही.

भुसावळकर

व्हार्निश आखाजीपूर्वी देऊ नका. आखाजी आता दीड महिन्यावर आली आहे. तैलरंगाचे चित्र वरून वाळले तरी आत सहा महिने ते वर्षभर घट्ट होत राहते, आणि तोवर वरून कडक थर दिला तर तो रंगात रुततो किंवा भेगाळतो. दिवाळीनंतर माहेरी जाल तेव्हा, तेही शक्य तर पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, द्यावे. व्हार्निश असे निवडावे की पुढे चित्राला धक्का न लावता ते काढता येईल. अजिंठ्याला १९२० ते १९२२ च्या दरम्यान चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत म्हणून लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळसर-तपकिरी पडला, आणि तो उतरवण्याचे किचकट काम पुरातत्त्व खात्याला करावे लागले. हेतू चांगला असून असे घडते.

बैठकीत लावताना भिंत निवडा. थेट ऊन नको, पण अंधारी भिंतही नको. जवसाचे तेल अंधारात अधिक पिवळे पडते. घरातला साधा उजेड त्याला मानवतो. कूलरच्या झोतासमोर तर मुळीच लावू नका, दमट हवेने सुती कॅनव्हास सैल पडतो आणि पुन्हा ताणला जातो.

सुकीकाठची

ग्लेझ देऊन झाले. पाने उजळली. केळफूल एकच काढले, रांगेच्या मध्यापासून जरा डावीकडे. माझ्या मुलाने चित्र पाहून 'आजोबांचे शेत' असे आपणहून म्हटले, त्याला काही सांगितलेले नव्हते.

आता शेवटचा प्रश्न नेण्याचा आहे. येथून रावेरपर्यंत एस.टी.ने जायचे आहे आणि वरचे ग्लेझ तोवर पूर्ण वाळलेले असेल याची खात्री वाटत नाही.

भुसावळकर

त्याच मापाची दुसरी रिकामी चौकट किंवा प्लायवुडचा तुकडा घ्या. चारही कोपऱ्यांत, चौकटीच्या लाकडावर येतील असे, बाटलीच्या बुचाचे जाड काप ठेवा, म्हणजे रंगाचा पृष्ठभाग आणि प्लायवुड यांत बोटभर पोकळी राहील. मग दोन्ही एकत्र सुतळीने आवळून बांधा आणि वरून जुनी सुती चादर गुंडाळा. प्लॅस्टिक वापरू नका. उन्हात आत घाम धरतो आणि ते रंगाला चिकटते. एस.टी.त चित्र आडवे टाकू नये, सीटच्या बाजूला उभे धरावे आणि रंगाची बाजू खिडकीच्या उन्हाकडे येऊ देऊ नये. सकाळची पहिली गाडी मिळाली तर तीच घ्या.